जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा चुकतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कार्बोरेटरच्या जमान्यातल्या गाड्यांसाठी आहे: मारुती ८००, ओम्नी, जिप्सी, प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसडर, महिंद्राच्या जुन्या जीप. अलीकडच्या गाड्यांत टाकीतली खबर आधी कंट्रोल युनिटकडे जाते आणि तिथून काट्याकडे, त्यामुळे तिथे स्कॅनरशिवाय भागत नाही. इथे मात्र साधा मल्टिमीटर, टेस्टलॅम्प, पॉलिश पेपर आणि एक मोकळी दुपार पुरते. आधीच सांगून ठेवतो, कारण बहुतेकांचे पैसे यातच वाया जातात: डॅशबोर्डमधला मीटर सगळ्यात शेवटी उघडायचा. बिघाड बहुतेक वेळा गाडीच्या मागच्या टोकाला सापडतो, जिथे चिखल उडतो, पाणी झिरपतं आणि कुणी वाकून बघत नाही.

टाकीत किती पेट्रोल आहे हे काट्याला कळतं कसं?

टाकीत एक फ्लोट तरंगत असतो. तो तारेच्या दांडीला जोडलेला असतो आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाची पितळी पत्ती बारीक तार गुंडाळलेल्या रेझिस्टरवर घासत सरकते. पेट्रोल खाली गेलं की फ्लोट खाली, पत्ती सरकली, रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) बदलला. या सगळ्या जोडणीला दुकानात टँक युनिट म्हणतात. काही जण नुसतं ‘फ्लोट द्या’ म्हणून मागतात. चावी ऑन केली की बॅटरीचा करंट फ्यूजमधून मीटरमध्ये येतो, मीटरमधून एका वायरने मागे टाकीपर्यंत जातो आणि टँक युनिटमधून गाडीच्या बॉडीत, म्हणजे अर्थला उतरतो. वाटेत रेझिस्टन्स किती लागला त्यावर काटा किती चढायचा ते ठरतं.

मीटर मुख्यतः दोन जातींचे. एकात दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी असते. करंटने ती तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. चावी फिरवल्यावर काटा सावकाश, रमतगमत चढत असेल तर तो या जातीचा. दुसऱ्यात कॉइल आणि चुंबकाचा खेळ असतो, तो काटा झटकन जागेवर जातो आणि फार जुना असेल तर प्रत्येक खड्ड्यात नाचतो. आपला कोणता हे आजच बघून ठेवा. पुढच्या दोन-तीन उत्तरांत त्याची गरज पडेल.

चावी काढली तरी काटा खाली येत नाही. बिघाड आहे का?

नसेलही. काही कॉइलवाल्या मीटरमध्ये काटा हलू नये म्हणून सिलिकॉन तेल घातलेलं असतं, तो आहे तिथेच थांबतो. पहिल्यापासून तसंच असेल तर विसरून जा.

तपासायला सुरुवात कुठून करू?

ड्रायव्हरच्या सीटवरून. चावी ऑन करा आणि बाकीचं काय चालतंय ते बघा. तापमानाचा काटा, इंडिकेटर, ऑइलचा दिवा हेही मेले असतील तर मीटरचा फ्यूज गेला आहे किंवा मीटरच्या मागचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) सैल आहे. जुन्या फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज शाबूत दिसतो, पण त्याच्या दोन्ही टोकांच्या पत्त्या हिरव्या पडलेल्या असतात. काढा, पॉलिश पेपर मारा, पत्त्या जरा आत दाबा, परत बसवा. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली दिसली तर ती आधी काढून योग्य अँपिअरचा फ्यूज टाका. एवढ्या वर्षांत गाडी जळली नाही हे नशीब समजा.

फक्त पेट्रोलचा काटा बंद असेल तर सरळ मागे जा. टाकीवर, डिकीच्या फरशीखाली किंवा मागच्या सीटखाली टँक युनिटचा कपलर सापडेल. त्या एका जागी उभं राहिलं की सर्किटचे दोन भाग पडतात, पुढचा मीटरकडचा आणि मागचा टाकीतला, आणि दोष कोणत्या भागात आहे ते पाच मिनिटांत कळतं.

ती पाच मिनिटांची परीक्षा नेमकी कशी करायची?

चावी बंद करून कपलर सोडवा. आता गाडीकडून येणारी वायर आणि बॉडीवरची चकचकीत घासलेली जागा यांच्यामध्ये १२ व्होल्टचा ३ ते ५ वॅटचा छोटा बल्ब जोडा. मीटरच्या उजेडाचा बल्ब होल्डरसकट चालतो. ही जागा कपलरपासून आणि टाकीच्या तोंडापासून शक्य तितकी लांब घ्या, लांब वायर वापरा, म्हणजे ठिणगी पडलीच तरी पेट्रोलच्या वाफेजवळ पडणार नाही. मग कुणालातरी चावी ऑन करायला सांगा.

काटा चढायला लागला तर मीटर, फ्यूज आणि पुढून मागे येणारी वायर हे तिन्ही ठीक आहेत. दोष टँक युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. काटा ढिम्म राहिला तर वायर तुटली आहे, मधला एखादा कपलर गंजला आहे, किंवा मग मीटर. पट्टीच्या जातीचा मीटर असेल तर अर्धा-एक मिनिट धीर धरा, तो लगेच हलणार नाही.

बरेच वायरमन बल्ब न लावता वायर सरळ बॉडीला टेकवतात. त्यानेही उत्तर मिळतं, पण पट्टीच्या मीटरमधली तापणारी बारीक तार तशी जास्त वेळ धरली तर जळू शकते. बल्ब करंटला आवर घालतो. कष्ट तेवढेच, मग धोका कशाला?

एक खबरदारी. जपानी घराण्यातल्या बहुतेक जुन्या गाड्यांत रेझिस्टन्स कमी म्हणजे टाकी भरलेली, त्यामुळे वायर अर्थ केली की काटा फुलकडे धावतो. काही अमेरिकन आणि युरोपीय पद्धतींत हे बरोबर उलट असतं. तुमच्या गाडीत बल्ब जोडल्यावर काटा फुलऐवजी रिकाम्याकडे गेला तर घाबरू नका, तो हलला हेच महत्त्वाचं.

काटा कायम फुलवर चिकटलाय. पेट्रोल संपलं तरी फुलच.

कमी रेझिस्टन्स म्हणजे फुल अशी पद्धत असेल तर टाकीकडची वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे. कपलर सोडवून चावी ऑन करा. काटा खाली आला तर दोष टाकीत, म्हणजे दांडी अडकली किंवा युनिट आतून शॉर्ट झालं. तरीही फुलवरच राहिला तर वायरच्या वाटेने हात फिरवत या. दाराच्या पट्टीखाली, सीटच्या बोल्टखाली, आणि नवीन साउंड सिस्टीम बसवताना जिथे जिथे स्क्रू मारले तिथे खास बघा. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी होती का, हेही आठवा. उंदरांना वायरचं आवरण फार आवडतं, आणि ते फक्त आवरण खाऊन तांबं उघडं ठेवतात.

डेंटिंग-पेंटिंग करून आणली आणि काटा बंद पडला. पेंटरने वायर तोडली असेल का?

तोडली नसेल. रंगवली असेल. टँक युनिटचा करंट टाकीच्या पत्र्यातून, टाकीच्या बोल्टमधून बॉडीत जातो. गाडी रंगवताना टाकी उतरवून तिला खालून-वरून काळा रंग, अंडरकोट मारतात, कधी पट्ट्यांखाली नवीन रबर घालतात. दिसायला झकास, पण करंटला जायला वाट उरत नाही. टाकी बदलल्यावर किंवा नवीन जाड पॅकिंग टाकल्यावरही हेच होतं. रंग न मारताही होतं, तिथे गंज तेच काम करतो. कोकणातल्या गाड्यांत तर आधी हेच बघावं.

खात्री करायला टँक युनिटच्या पत्र्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत रेझिस्टन्स मोजा. मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचा वाटा वजा करून तो जवळजवळ शून्य यायला हवा. दहा-वीस ओहम दाखवले तरी काटा खोटं सांगणार, कारण काही युनिटची सगळी मजल शंभर-सव्वाशे ओहमचीच असते.

इलाज सोपा. युनिटच्या एका स्क्रूखाली लग (वायरच्या टोकाची भोकवाली पत्ती) लावून एक वायर काढा आणि ती बॉडीच्या घासलेल्या जागेवर वेगळ्या बोल्टने पक्की करा. लगवर ग्रीस लावा. स्क्रू सोडताना टाकीतली वाफ बाहेर येते, म्हणून खाली सुरक्षिततेबद्दल लिहिलं आहे ते आधी वाचा. माझं मत विचाराल तर प्रत्येक जुन्या गाडीत ही वायर टाकून ठेवावी, काटा चालू असला तरी.

टाकी अर्धी झाली की काटा धाडकन शून्यावर पडतो, थोडं पुढे गेल्यावर परत उठतो. हे काय?

रेझिस्टरची तार तेवढ्या जागी घासून तुटली आहे किंवा तिच्यावर काळा थर बसला आहे. पत्ती त्या जागेवर आली की संपर्क सुटतो. ज्यांनी आयुष्यभर दोनशे-तीनशे रुपयांचं पेट्रोल टाकून गाडी चालवली त्यांच्या गाडीत ही झीज खालच्या पाव भागात असते. टाकी नेहमी भरून ठेवणाऱ्यांकडे ती वर सापडते.

युनिट बाहेर काढल्यावर मल्टिमीटर ओहमवर लावून दांडी अगदी सावकाश वर-खाली करा. इथे काट्याचा जुना मल्टिमीटर डिजिटलपेक्षा बरा, कारण मधेच बसलेला एक झटका डिजिटलच्या आकड्यांत हरवतो, काट्यावर मात्र स्पष्ट दिसतो. थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश. पॉलिश पेपर इथे वापरू नका, तार केसासारखी बारीक असते. पत्ती सैल पडली असेल तर चिमट्याने किंचित दाब द्या. तार तुटली असेल तर युनिट बदला. डाग (सोल्डर) देऊन जोडलेल्या तारा मी पाहिल्या आहेत, डागाचा उंचवटा पत्तीला दर वेळी उचलतो आणि पुन्हा तेच रडगाणं.

पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकदम चुकायला लागले.

दोन्ही सेन्सर एकाच दिवशी मरण्याची शक्यता फार कमी. दोघांचं सामायिक काय ते शोधा. पट्टीच्या मीटरना ठरावीक व्होल्टेज लागतं, नाहीतर इंजिनाचा वेग वाढून चार्जिंग वाढलं की काटेही वर जातील. म्हणून मीटरच्या मागे एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. स्मिथ्स कंपनीच्या ब्रिटिश मीटरमध्ये तो सरासरी १० व्होल्ट देतो आणि तेही सलग नाही, चालू-बंद, चालू-बंद करत. त्यामुळे डिजिटल मल्टिमीटरवर आकडा उड्या मारतो, ते खराबीचं लक्षण नव्हे. आकडा हलतच नसेल आणि बॅटरीइतकाच पूर्ण असेल तर त्याचे संपर्क चिकटले आहेत किंवा त्याचा स्वतःचा अर्थ सुटला आहे. मग दोन्ही काटे जास्त दाखवतात: इंजिन उगाच तापलेलं आणि टाकी उगाच भरलेली. आउटपुटला काहीच येत नसेल तर दोन्ही काटे झोपतात.

जुना स्टॅबिलायझर मिळाला नाही तर ७८१० हा तीन पायांचा रेग्युलेटर लावतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. जुन्या डबीच्या आतच बसवता येतो, पत्र्याला चिकटवला म्हणजे थंडही राहतो. मात्र त्याला आत येणारं व्होल्टेज १० पेक्षा सुमारे दोनने जास्त लागतं, त्यामुळे बॅटरी उतरलेली आणि इंजिन बंद असेल तेव्हा काटा थोडा कमी दाखवेल. इंजिन चालू झालं की ठीक. निगेटिव्ह अर्थच्या गाडीलाच हा लावा. एखाद्या फार जुन्या ब्रिटिश गाडीत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो, तिथे हा चालणार नाही.

टँक युनिट घरी काढता येईल का?

येईल. पण पेट्रोलची वाफ म्हणजे काय हे समजून घेतल्याशिवाय हात लावू नका. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली उतरते, जमिनीवरून सरकत जाते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साठते. हवेत तिचं प्रमाण जेमतेम दीड टक्का झालं तरी ठिणगीला ते पुरतं. भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त घातक, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात.

तेव्हा काम उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नको, खड्ड्यावर तर नकोच. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. उजेडाला बॅटरीवरची एलईडी टॉर्च, वायरचा पिवळा दिवा नाही. शेजारी ड्राय पावडरचा अग्निशामक. विडी-सिगारेटवाला मदतनीस लांब. आणि पेट्रोल काढायला नळीला तोंड लावू नका. आपल्याकडे हे सर्रास चालतं, पण घोटभर पेट्रोल श्वासात गेलं तर फुप्फुसाला कायमची इजा होऊ शकते. हातपंप स्वस्त मिळतो. काढलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटल्यांत नको, झाकण घट्ट बसणाऱ्या पेट्रोलच्या कॅनमध्ये ठेवा.

युनिट टाकीच्या वर असेल तर टाकी पाव भरलेली असली तरी चालतं. बाजूला असेल तर पेट्रोलची पातळी भोकाच्या खाली आणावी लागते. काही गाड्यांत टाकी खाली उतरवल्याशिवाय युनिट दिसतही नाही. तसं असेल तर जॅकवरच्या गाडीखाली एकट्याने शिरू नका, सरळ गॅरेज गाठा.

काढण्याआधी युनिट आणि टाकी दोन्हींवर मार्करने एकच रेघ मारा. आजूबाजूची माती ब्रशने झाडा, नाहीतर ती थेट टाकीत. फिरवायची रिंग असेल तर लाकडी ठोकळा किंवा पितळी दांडा लावून हळूहळू ठोका. लोखंडावर लोखंड आपटायचं नाही. युनिट वर घेताना दांडी कलवून, जपून बाहेर काढावी लागते. ती वाकली की काट्याचा हिशेब बदलला. परत बसवताना पॅकिंग नवंच टाका. पन्नास रुपये वाचवायला जुनं लावलं की पुढचे सहा महिने गाडीत पेट्रोलचा वास.

फ्लोट बुडालाय हे कसं ओळखायचं?

कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर बुडालाच. जुने फ्लोट पितळेचे पोकळ असतात, डाग दिलेल्या सांध्याला टाचणीएवढं भोक पडतं. फ्लोट गरम पाण्यात बुडवून धरा, आतली हवा फुगून भोकातून बुडबुडे येतात आणि भोक सापडतं. पाणी फक्त गरम घ्या आणि हे शेगडीपासून दूर करा. आतलं पेट्रोल पूर्ण उडून जाईपर्यंत डाग द्यायचा विचारही नको. प्लॅस्टिकच्या फ्लोटला तडा गेला तर बदलणं बरं, एम-सील पेट्रोलमध्ये फार काळ टिकत नाही.

नवीन टँक युनिट टाकलं, तरी काटा चुकीचाच.

जोडी जुळली नाही. मीटर आणि युनिट ही जोडी असते आणि प्रत्येक घराण्याची ओहमची मजल वेगळी. जपानी गाड्यांत साधारणपणे रिकाम्या टाकीला शंभर ते सव्वाशे ओहम आणि भरलेल्या टाकीला पाचच्या आत. जनरल मोटर्सच्या जुन्या पद्धतीत रिकामी ०, भरलेली ९०. व्हीडीओ (VDO) कंपनीच्या युरोपीय मीटरसोबत येणाऱ्या युनिटची मजल रिकाम्याला १०, भरलेल्याला १८०. अमेरिकन बाजारात सुटे मिळणारे मीटर बहुधा २४० ते ३३ चे. आता मारुतीच्या टाकीवर कुणी शौकाने व्हीडीओचा गोल मीटर बसवला तर टाकी भरल्यावर काटा शून्य दाखवणार, आणि वायरमनला कितीही फोन केले तरी काही फरक पडणार नाही.

म्हणून पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला पार्ट घ्यायला जाताना जुनं युनिट आणि मल्टिमीटर दोन्ही सोबत न्या. दोन्ही टोकांचे ओहम, दांडीची लांबी आणि स्क्रूची भोकं दुकानातच ताडून बघा. भोकं जुळली म्हणजे पार्ट जुळला असं दुकानदार म्हणेल. नाही.

ओहम जुळतात पण काटा थोडाच चुकतो, असं असेल तर दांडी वाकवून दुरुस्त करता येतं. माझा आग्रह असा की रिकाम्या टोकाला बरोबर बसवा आणि फुलच्या टोकाला चूक राहू द्या. टाकी भरलेली असताना काटा पाऊण दाखवतो म्हणून कुणी रस्त्यात अडकलेलं नाही.

गाडीला सीएनजी किट आहे. पेट्रोलचा काटा आणि सीएनजीचे दिवे यांचा संबंध आहे का?

काही नाही. स्विचवरचे हिरवे-लाल दिवे सिलिंडरच्या दाबावर चालतात. पण सीएनजीच्या गाड्यांत पेट्रोलचा काटा लवकर बिघडतो, कारण मालक तीन-चार लिटर पेट्रोल टाकून महिनोन् महिने विसरतो. फ्लोट कायम तळाशी एकाच जागी थरथरत राहतो, तिथली तार झिजते. शिळ्या पेट्रोलचा चिकट थर पत्तीवर बसतो. टाकीत पंप असलेल्या इंजेक्शनच्या गाडीत तर पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं, त्यामुळे काटा चुकीचा असणं महागात पडू शकतं. टाकी कधीतरी अर्ध्यापर्यंत भरा आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा.

इथेनॉलवाल्या पेट्रोलने काटा बिघडतो का?

थेट काटा नाही, पण टाकीतले भाग बिघडू शकतात. देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून यायला लागलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे पोचलं. त्या पेट्रोलला चालतील असे रबर आणि धातू वापरून गाड्या बनू लागल्या एप्रिल २०२३ पासून; तुमची पद्मिनी त्याच्या कितीतरी आधीची. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं, आणि टँक युनिटचे धातूचे भाग तिथे गंजतात. पॅकिंग फुगतं. फार जुन्या गाड्यांत बुचाच्या लाकडाचे फ्लोट असतात, त्यांच्यावरचा लाखेचा थर अल्कोहोलमध्ये विरघळतो आणि बूच भिजून जड होतं. तसा फ्लोट निघाला तर परत वार्निश लावत बसू नका, पितळी किंवा नायट्राइल फोमचा लावा.

जी जुनी गाडी महिन्यातून एकदाच निघते तिची टाकी पावसाळ्यात शक्यतो भरलेली ठेवा. आत हवा कमी, तर पाणीही कमी.

फुलवर काटा खूप वेळ राहतो आणि अर्ध्याखाली भराभर पडतो. दोष आहे का?

बहुतेक नाही. टाकी काठोकाठ भरली की फ्लोट आधीच वरच्या छताला टेकलेला असतो, त्यावरचे काही लिटर त्याला दिसतच नाहीत. टाकीचा आकारही सरळ डब्यासारखा नसतो, खाली निमुळता असला की तेवढ्याच उंचीत पेट्रोल कमी मावतं. घाटात काटा वर-खाली होतो तोही याचाच भाग. फ्लोट टाकीच्या एका टोकाला असेल तर खंबाटकीच्या चढाला एक आकडा आणि उताराला दुसरा. सपाट रस्त्यावर बघा आणि तोच खरा धरा.

रिझर्व्हचा दिवा लागतो, पण काटा पाव टाकी दाखवतो. कुणावर विश्वास ठेवू?

दिव्यावर. बऱ्याच गाड्यांत हा दिवा फ्लोटवर अवलंबून नसतो. टाकीच्या तळाजवळ एक थर्मिस्टर असतो. तो पेट्रोलमध्ये बुडालेला असताना थंड राहतो, उघडा पडला की स्वतःच्या करंटने तापतो, त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि दिवा पेटतो. त्यात हलणारा भागच नाही, म्हणून तो काट्यापेक्षा उशिरा बिघडतो.

टाकी २८ लिटरची आणि पंपवाल्याने ३० लिटर टाकले. लबाडी?

लगेच तसं म्हणू नका. मारुती ८०० ची २८ लिटर ही पुस्तकातली क्षमता. पेट्रोल उन्हात फुगतं म्हणून वर मोकळी जागा ठेवलेली असते, त्यात भर मानेच्या नळीची. नोझल आपोआप बंद झाल्यावरही गळ्यापर्यंत भरलं तर आकडा वाढतो. संशय असेल तर पंपावर वैधमापन खात्याने प्रमाणित केलेलं ५ लिटरचं माप ठेवलेलं असतं, ते मागा आणि समोर मोजून घ्या. बिघडलेल्या काट्याच्या भरवशावर मात्र भांडायला जाऊ नका.

महायुद्धातली जीप आहे, १२ व्होल्टवर बदलून घेतली. मीटर गरम होतो.

त्या जीप मुळात ६ व्होल्टच्या. मीटरला दुप्पट व्होल्टेज मिळतंय, तो फार दिवस टिकणार नाही. एकतर मीटरपुरता १२ चे ६ करणारा रिड्यूसर लावा, नाहीतर १२ व्होल्टचा मीटर आणि त्याच्याच जोडीचं युनिट बसवा. मूळ मीटर जपायचा असेल तर पहिला मार्ग.

काटा दुरुस्त होईपर्यंत गाडी कशी चालवायची?

टाकी पूर्ण भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि गाडीचं खरं ॲव्हरेज काढा. ते पुढच्या वेळी फुल टाकी करून, लागलेल्या लिटरने किलोमीटरला भागून मिळतं. त्याला टाकीच्या लिटरने गुणा आणि येईल त्या किलोमीटरच्या दोन-तृतीयांशावर पेट्रोल भरायचं ठरवा. एसी लावला, घाट लागला, शहरात ट्रॅफिक लागलं की ॲव्हरेज पडतं, म्हणून एवढी सवलत.

सीजे (महिंद्राची जुनी उघडी जीप) जीपवाल्यांना याहून सोपा उपाय आहे. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आणि तोंड जवळजवळ सरळ, त्यामुळे लाकडी पट्टी आत घालून बघता येतं. टाकी रिकामी असताना पाच-पाच लिटर टाकत जा, दर वेळी गाडी सपाट जागी उभी करून पट्टीवर ओल्या खुणेशी कानशीने खाच पाडा. पेनाच्या खुणा पेट्रोलने पुसतात. धातूची सळई नको.

डिझेल गाडी आहे. काटा चुकीचा असल्यामुळे डिझेल संपलं तर?

पेट्रोलच्या गाडीत कॅनभर आणून ओतलं की झालं. डिझेलमध्ये लाइनीत हवा शिरते आणि नुसतं डिझेल टाकून इंजिन लागत नाही. आधी टाकीत निदान पाच-सहा लिटर टाका. मग फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून गाडीच्या डिझेल लाइनीवरचाच हातपंप मारत राहा. सुरुवातीला फेस येईल. फेस थांबून सलग, बुडबुड्याविना डिझेल यायला लागलं की पंप दाबलेला असतानाच स्क्रू घट्ट करा. त्यानंतर फ्यूएल पंपावरच्या स्क्रूची हीच पाळी. मग स्टार्टर मारा, पण एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर बॅटरीही उतरेल. तरीही लागलं नाही तर इंजेक्टरच्या नळ्यांचे नट सैल करून स्टार्टर मारावा लागतो. तिथून जोराने फवारा उडतो, हात आणि डोळे लांब ठेवा. ते काम मिस्त्रीच्या हातचं.